पुतणीनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्या

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

गौरी-गणपतीला आमच्याकडे, नाशिकला, सगळे जमतात. सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची १३ वर्षांची मुलगी, आम्ही दोघं आणि सासऱ्यांची धाकटी बहीण, जिला घरातले सगळेच आत्या म्हणतात. यंदा गौरी जेवल्या त्या रात्री सगळं आवरल्यावर एकत्र सिनेमा बघायचं ठरलं. मी मीरा नायर यांचा ‘मॉन्सून वेडिंग’ लावला. लग्नघर, पाहुणे, गाणी, सगळ्यांना आवडेल असं वाटलं. त्यातलं ते दुसरं प्रकरण मला माहीत होतं, पण मी आधी कुणाला काही सांगितलं नाही.

बराच वेळ सगळे खूश होते. झेंडूच्या पाकळ्या खाणारा तो मांडववाला बघून सासूबाईसुद्धा हसल्या. मग नवरीची चुलत बहीण रिया, नात्यातल्या तेजनं आपल्यावर लहानपणी लैंगिक अत्याचार केले हे सगळ्यांसमोर बोलते तो प्रसंग आला. दीर म्हणाले, “लग्नाच्या सिनेमात ही घाण कशाला? सगळं परदेशातल्या बक्षिसांसाठी.” सासूबाई म्हणाल्या, “इतकी वर्षं गप्प बसली आणि ऐन लग्नात तमाशा?” आत्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या. पुतणीनं विचारलं, “मग तिनं आधीच का नाही सांगितलं घरी?” कुणी काही बोललं नाही. दिरांनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला दीर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, चूक माझीच आहे, मी माफी मागून मोकळं व्हावं. माझं खरंच चुकलं का? आत्या अशा का उठल्या, हे त्यांना विचारू का? आणि घरातलं वातावरण निवळायचं कसं?

– एक वाचक, नाशिक

प्रिय मैत्रीण,

तुमचे तिन्ही प्रश्न घेते, पण त्याआधी तुमच्या पत्रातला चौथा. तो तुमच्या पुतणीचा आहे. त्या खोलीत सहा मोठी माणसं होती. कुणी चिडलं, कुणी उठून गेलं, कुणी गप्प बसलं. सरळ प्रश्न एकटीनं विचारला आणि त्याचं उत्तर म्हणून तिला बंद पडलेला टीव्ही मिळाला.

अशा सिनेमांवर घरोघर जे वाद होतात ते मोठ्या माणसांचे असतात. हे दाखवायला हवं होतं का, अतिरेक झाला का, चार माणसांत बसून बघण्यासारखं आहे का. मुलं त्या वेळी सिनेमापेक्षा आपल्याच घरातल्या माणसांकडे बघत असतात. उद्या मी असं काही सांगितलं तर आई काय म्हणेल, बाबा कुणाची बाजू घेतील, आजी मला जवळ घेईल की गप्प बस म्हणेल, याचा अंदाज त्यांना अशाच प्रसंगांतून येतो. सासूबाई जे बोलल्या ते पडद्यावरच्या एका दिल्लीकर मुलीला उद्देशून. नातीनं मात्र त्यातून या घरचा रिवाज ऐकला असेल. तिच्या बाबतीत काही घडलंय असं मी सुचवत नाही. काहीच घडलेलं नसलं तरी हा रिवाज तिच्यापर्यंत पोचला आहे आणि तो तिच्या मनातून लवकर पुसला जायला हवा.

तिच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर त्याच सिनेमात आहे. रियाचे वडील हयात नाहीत. ती काकांच्या, ललितच्या घरात वाढली. तेज हा नात्यातला वडीलधारा, अमेरिकेत राहणारा, पैसेवाला, सगळ्यांच्या आदराचा. आता रियाच्या परदेशातल्या शिक्षणाचा खर्चही तोच उचलायला निघालाय. ज्याच्या उपकाराचं ओझं सगळ्या घरावर आहे, त्याच्याबद्दल बापाविना वाढलेल्या मुलीनं कुणाजवळ आणि कोणत्या बळावर बोलायचं?

आणि त्याआधी, अगदी लहान असताना, मुलाजवळ या गोष्टीसाठी शब्दच नसतात. ज्या माणसाकडून हे घडतं तोच खाऊ आणतो, मांडीवर घेऊन गोष्टी सांगतो, आणि आई म्हणते, बघ काकांचा किती जीव आहे तुझ्यावर. तो कधी ‘हे आपलं गुपित’ म्हणतो, कधी ‘आईला कळलं तर ती आजारी पडेल’ अशी भीती घालतो. मूल मग आईला सांभाळण्यासाठी गप्प राहतं. मोठं झाल्यावर अर्थ कळतो, तोवर इतकी वर्षं उलटलेली असतात की आता बोललं तर ‘तेव्हा का नाही बोललीस’ हेच विचारतील, याची खात्री असते. आणि तसं विचारतातच. तुमच्या घरात पडद्यावरच्या बाईलासुद्धा तेच विचारलं गेलं.

‘ऐन लग्नात’ या शब्दांपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण हा आक्षेप मी या सिनेमाबद्दल पुष्कळदा ऐकला आहे, चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडूनही. रिया त्या रात्री का बोलते? तेज नात्यातल्याच छोट्या आलियाला गाडीतून फिरवायला घेऊन निघतो म्हणून. स्वतःसाठी ती इतकी वर्षं बोलली नव्हती. दुसरी लहान मुलगी त्याच माणसाच्या हाती जाताना दिसली, तेव्हा तिनं गाडी अडवली. म्हणजे ती वेळ रियानं निवडलेली नाही, तेजनं निवडली आहे. लग्नघरात सगळे कामात असतात, पोरं कुणाच्याही कडेवर असतात, ‘जा काकांबरोबर’ म्हणायला कुणाला क्षणभर लागत नाही. त्या माणसाला हे चांगलं ठाऊक आहे. सासूबाईंना एवढंच समजावून सांगा. आलिया आपली नात असती तर रियानं आरती होईपर्यंत, वऱ्हाड जेवेपर्यंत थांबावं असं त्या म्हणाल्या असत्या का? मला वाटतं, नसत्या म्हणाल्या. त्यांच्या पिढीत घरातली गोष्ट उंबऱ्याच्या आत ठेवणं हीच सुनेची हुशारी मानली गेली, आणि ते ओझं त्यांनीही वाहिलं असेल. म्हणून हे चारचौघांत नको. दुपारी दोघीच असाल तेव्हा, भाजी निवडताना बोला.

दीर म्हणाले ते ‘परदेशातल्या बक्षिसां’बद्दल. २००१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाला गोल्डन लायन मिळाला, हे खरं आहे. पण तेज काही व्हेनिसहून आलेला नाही. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये बालकांवरच्या अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांमधल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता आणि त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आणि सोसणाऱ्यांत मुलींइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, मुलगे होते. ही शेवटची गोष्ट मुलग्यांच्या आईबापांनी फार गांभीर्यानं घ्यायला हवी. मुलगा म्हणजे काळजी नाही, असं समजून त्याला कुणाच्याही खोलीत झोपायला पाठवणारी घरं आजही आहेत.

‘घाण दाखवतात’ हा आरोप मराठी माणसानं आज पहिल्यांदा केलेला नाही. विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये रंगमंचावर आणलं. एका घरातली माणसं एकमेकांचे लचके तोडतात, बहिणीच्या पोटावर भावांच्या लाथा बसतात आणि तिचा गर्भ पडतो. परिनिरीक्षण मंडळाला, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरला, खुपला तो तिच्या साडीवरचा लाल डाग. अखेर डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. एवढी काथ्याकूट झाली ती लाथेपायी नाही, डागापायी. दिरांची चीड मला त्याच जातीची वाटते. रिया बोलली याचा त्यांना राग आला. तेजनं केलं त्याचा राग तुमच्या पत्रात कुणाच्याच तोंडी नाही.

पण म्हणून दिरांवर संशय घेऊ नका, हे मी मुद्दाम लिहिते. असे सिनेमे बघून माणूस कसा वागला यावरून त्याच्याबद्दल निदान करणाऱ्यांचं अलीकडे पेव फुटलंय. तो हसला, म्हणजे नक्की त्याच्या मनात काहीतरी आहे. ती उठून गेली, म्हणजे नक्की तिच्याबाबत घडलंय. यातलं काहीही तेवढ्यावरून ठरत नाही. काहींना दुःख सहन झालं नाही की हसू फुटतं. बहुतेक पुरुषांना आपल्याला काहीच करता येत नाही ही भावना पेलत नाही, मग ती रागाच्या वाटेनं बाहेर पडते आणि समोर जो असेल त्याच्यावर पडते. त्या रात्री समोर तुम्ही होतात.

डेन्मार्कच्या थॉमस व्हिंटरबर्ग यांचा १९९८चा ‘फेस्टेन’ मी या संदर्भात नेहमी आठवते, कारण त्यात दिग्दर्शकानं प्रेक्षकच पडद्यावर आणून बसवले आहेत. एका श्रीमंत माणसाच्या साठीची मेजवानी. थोरला मुलगा चमच्यानं ग्लास वाजवून बोलायला उभा राहतो आणि वडिलांनी आपल्यावर आणि आपल्या जुळ्या बहिणीवर लहानपणी केलेले अत्याचार शांत आवाजात सांगतो. त्या बहिणीनं नुकताच जीव दिलेला असतो. पाहुणे काय करतात? क्षणभर गडबडतात आणि पुन्हा जेवायला लागतात. पुढे आई उठते आणि म्हणते, याची कल्पनाशक्ती लहानपणापासूनच अफाट, यानं आता माफी मागावी. काहींना निघून जायचं असतं, पण स्वयंपाकघरातल्या लोकांनी त्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या लपवून ठेवलेल्या असतात. त्यामुळे त्यांना बसून ऐकावं लागतं, आणि ऐकता ऐकता ती मेजवानी हळूहळू बदलत जाते. आपण घरी सिनेमा बघतो तेव्हा रिमोट आपल्याच हातात असतो.

त्या रिमोटनं तुमच्या घरात एक नुकसान केलं. तुम्ही सिनेमा जिथं बंद केलात त्याच्या पुढे ललित आहे. रात्रभर त्याचा जीव खालीवर होतो. सकाळी तो रियाकडे जातो तोसुद्धा तिला लग्नासाठी परत बोलवायला, अजून कसलाही निर्णय न घेता. पण पुढे, दिवंगत भावाच्या तसबिरीसमोर सगळं कुटुंब जमलेलं असताना, तो तेजला निघून जायला सांगतो. ज्याच्या उपकाराखाली आहोत त्याला, भर लग्नात, सगळ्यांदेखत. ललित झालेले नसीरुद्दीन शाह तिथे आवाज चढवत नाहीत. त्या माणसाला हे किती जड जातंय ते चेहऱ्यावर दिसत राहतं, आणि तरी तो करतो. तुमच्या पुतणीनं यातलं काहीच पाहिलेलं नाही. एक मुलगी बोलली आणि सिनेमा बंद झाला, एवढंच तिच्यापाशी उरलंय. तिला उरलेला सिनेमा दाखवा.

मात्र थेट तिच्याकडे जाऊ नका, आधी जाऊबाईंशी बोला. तुमच्या एवढ्या सविस्तर पत्रात जाऊबाईंचा एकही शब्द नाही. त्या काय विचार करताहेत ते मला कळत नाही, बहुधा तुम्हालाही नाही. त्यांना फोन करून सांगा, “तिनं त्या दिवशी विचारलं त्याचं उत्तर आपण कुणी दिलं नाही, ते माझ्या मनातून जात नाही. आपण दोघी तिच्याशी बोलू या का?” आई तीच आहे, तेव्हा पहिला शब्द तिचा असू द्या. मग तिघी बसून शेवट बघा आणि तिला साध्या भाषेत सांगा, “तू विचारलंस ते बरोबर होतं. मुलं सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं कुणी विश्वास ठेवणार नाही. आम्ही ठेवू. माणूस कितीही जवळचा असो, घरात कुठलंही कार्य असो, तू सांगितल्यावर आम्ही आधी तुझं ऐकू. आणि कितीही उशिरा सांगितलंस तरी उशीर झाला असं म्हणणार नाही.” तिनं ‘हो, कळलं’ म्हणून विषय बदलला तर बदलू द्या. खोदून विचारू नका, ‘तुझ्याबाबत तर नाही ना असं काही’ असा प्रश्न तर मुळीच नको. त्यात उत्तर ‘नाही’च यावं अशी विनवणी असते आणि मूल ती पुरी करतं.

समजा, तिनं किंवा घरातल्या दुसऱ्या एखाद्या मुलानं काही सांगितलंच. मग शांत राहून ऐका, दोनदोनदा वदवून घेऊ नका, आणि त्या माणसाला समोर बोलावून शहानिशा करायच्या फंदात पडू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं या कायद्यानं बंधनकारक केलं आहे, नातेवाईकांनाही. ‘घरातच मिटवू’ ही सोय कायदा देत नाही, आणि मला वाटतं ते योग्यच आहे. लोकांना भीती वाटते ती पोलीस ठाण्याची. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात न जाता. मुलाचं नाव प्रसिद्ध करता येत नाही. सुरुवात कुठून करावी सुचत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, मोठ्यांनाही तिथे फोन करता येतो.

आता आत्या. त्या का उठल्या, हे विचारू नका. कदाचित त्यांना फक्त कंटाळा आला असेल, किंवा त्या वयात असे प्रसंग भाच्यापुतण्यांसोबत बसून बघणं अवघड झालं असेल. आणि जर त्यामागे काही असेल, तर साठ वर्षं जपलेली गोष्ट तुमच्या चौकशीला उत्तर म्हणून बाहेर पडणार नाही, पडूही नये. पण तुम्ही त्यांच्यापाशी एक वाक्य ठेवू शकता. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा सहज म्हणा, “आत्या, त्या दिवशी मी न सांगता तो सिनेमा लावला. कुणाला त्रास झाला असेल तर मला वाईट वाटतं. त्या रियाचं मात्र मला पटलं.” एवढंच. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्या रात्री ते घरात कुणीच म्हटलं नव्हतं. मग चहा टाका, दुसरं काही बोला.

त्या पुढे काही बोलल्या, तर ते त्यांचं आहे. नवऱ्याला सांगायचं की नाही, सासूबाईंना कळू द्यायचं की नाही, हे त्या ठरवतील. लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार मोठेपणीही करता येते, त्याला वयाची आडकाठी नाही, हे केंद्र सरकारनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण पुष्कळांना तक्रार करायची नसते, कुणीतरी खरं मानावं एवढंच हवं असतं. मन फारच अस्वस्थ झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. एकाच बाबतीत मी आत्यांच्या इच्छेपलीकडे जाईन. तो माणूस आजही हयात असेल आणि त्याच्या आसपास लहान मुलं असतील, तर ती मुलं सुरक्षित आहेत ना हे बघणं तुमच्यावर येतं. आणि आत्या कधीच काही बोलल्या नाहीत तर तो विषय तुमच्याकडून पुन्हा निघू देऊ नका.

राहिली माफी. सिनेमा लावल्याबद्दल मागू नका. त्यात काय आहे ते माहीत असून आधी सांगितलं नाही, एवढ्यापुरती मागा, आणि ती सगळ्यांची, एकट्या दिरांची नाही. कुणाच्या मनात काय जखम आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ‘यात असा एक प्रसंग आहे, नको असेल त्यांनी उठावं’ हे आधी बोलून टाकणं हा साधा शिष्टाचार आहे. तेवढं केलं असतंत तर आत्यांना भांड्यांचं निमित्त शोधावं लागलं नसतं.

आणि हे उत्तर तुमच्या नवऱ्याला वाचायला द्या. मोठा भाऊ त्याचा आहे, पुतणी त्याचीही आहे, आणि त्या रात्री तोही त्या सोफ्यावर बसून गप्प राहिला. “दादा, तिनं विचारलं तेव्हा आपण दोघांनीही उत्तर द्यायला हवं होतं,” हे भावानं भावाला म्हटलं तर दीर ते ऐकून घेतील. तुमच्या तोंडून तेच त्यांना भांडण वाटेल. तेव्हा दिरांशी बोलायला आधी त्यानं जायला हवं, तुम्ही नंतर.

तुमची,
ताई